दारात शेर लावला

सुजाता चालायला लागली त्या दिवशी घरात पेढे आले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बापाने दाराला सुतळी बांधली.

गाठ फिटरची होती, म्हणजे ती सोडायलाही फिटरच लागे. देवीदास सकाळच्या पाळीला प्लांटात गेला की कांताला स्वतःच्याच घरातून बाहेर पडताना सुतळीखालून वाकून जावं लागायचं. जिच्यासाठी हा सगळा बंदोबस्त, ती मात्र न वाकताच निघून जायची. सव्वा वर्षाच्या माणसाची उंची ती किती असणार?

दारापासून चार पावलांवर रस्ता होता. टाउनशिपच्या नकाशात ती साधी गल्ली होती. पण तिकडे भट्टीचं बांधकाम चाललेलं, आणि मोठ्या रस्त्याचा वळसा कोण घेतो, म्हणून गिट्टीचे, लोखंडाचे ट्रक याच गल्लीतून दणदणत जायचे. ट्रक आला की फळीवरचे पेले एकमेकांशी बोलायचे. सुजाताला जगात दोनच गोष्टी आवडत, आईचं दूध आणि ट्रक. ट्रकचा आवाज ऐकला की ती दोन्ही हात पुढे करून धावत सुटायची, जणू मामाच आला. दिवसातून सात-आठ वेळा कांताच्या छातीत धस्स व्हायचं, आणि ते पोळ्या लाटता लाटता व्हायचं, म्हणून त्या दिवसांत त्यांच्या घरी एकही पोळी गोल झाली नाही.

भिंतीसाठी देवीदासने टाउन ऑफिसात अर्ज दिला. तिथले केवलरामजी अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "बच्ची का सुनकर दुख हुआ. लेकिन इस टाइप के क्वार्टर में दीवार का प्रावधान नहीं है. पौधों की बाड़ लगाइए, उसका प्रावधान है."

तर कुंपण लावायचं ठरलं. घराच्या अंगणात एक काडी खोचायची हा निर्णय नवरा-बायकोचा असतो, असं कांताला वाटत होतं. तिचं वय लहान होतं.

डावीकडे गिरजाबाई राहायच्या. तीन पिढ्या रायपुरात काढलेलं मराठी घराणं त्यांचं, त्यामुळे मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीच्या स्टेशनावर उतरायचं. त्या म्हणाल्या, "मेंदी लाव, सुंदर दिसते." मेंदी लावली. ती बकऱ्यांनाही सुंदर दिसली. मग उजवीकडचे बाबुलाल, क्रेन चालवणारे, उंचावरून जग पाहणारे, म्हणाले, "बेशरम लगाओ, भाभी. कहीं भी लग जाता है." बेशरमाच्या काड्या नाल्यावरून आणल्याही; पण गिरजाबाई आडव्या आल्या. "अगं, लोक पत्ता विचारतील आणि सांगणारे सांगतील, ते बेशरमवालं घर. चलेगा तुला?" देवीदासला ते चालण्यासारखं नव्हतं. प्लांटात त्याची नवी बढती होती.

अशात त्याला अहिवाऱ्याकडे चुन्याच्या खाणीवर पंप बसवायला पाठवलं. परत आला तो सायकलच्या मागे पोतं बांधून. पोत्यात हिरव्यागार कांड्या. पान नाही, फूल नाही, काटा नाही. पेन्सिलीला पेन्सिल जोडावी तशा कांडीला कांडी फुटलेल्या.

"हे काय आहे?" कांताने विचारलं.

"झाड."

"ते दिसून राह्यलं. नाव काय?"

"नाव नाही इचारलं. पाणी लागत नाही, बकरी खात नाही. मले अजून काय पायजे?"

हे बोलणं बाबुलाल ओसरीवरून ऐकत होते. खाणीवरच्या कोणत्या तरी साहेबाच्या बंगल्यापुढे हे झाड होतं, एवढं देवीदासच्या तोंडून निघालं. पुढचं बाबुलालनी क्रेनने उचलल्यासारखं अलगद उचललं. बंगला साहेबाचा. प्लांट उभारायला आलेले बडे साहेब हल्ली रशियन. म्हणजे झाड रशियन. "पत्ता नहीं है न इसमें? बरफ में पत्ते का क्या काम," ते म्हणाले, आणि झाड रशियन ठरलं.

पावसाळा संपेस्तोवर झाड कमरेपर्यंत आलं. इतकं दाट की मांजर आत गेलं तर ते तिथेच राहायचं. फाटकाच्या जागी देवीदासने एक लोखंडी जाळी बसवली, दाराची सुतळी सुटली, आणि कांताच्या पोळ्या गोल व्हायला लागल्या. सुजाता रोज सकाळी कुंपणाशी उभी राहून पलीकडच्या ट्रकला हात करायची. कांता चुलीपाशी बसून तिच्याकडे पाहायची, आणि बाहेर ट्रक गेला तरी पेल्यांशिवाय कोणी हलायचं नाही.

आता क्वार्टरांच्या सगळ्या ओळीला रशियन हवं झालं. कांता काडी मोडून द्यायची, लोक "थँक यू" म्हणायचे. सहा घरांत रशियन गेलं. गिरजाबाईंनी तर ते पितळी तांब्यात लावून बैठकीत ठेवलं आणि दुर्गच्या पाहुण्यांना सांगितलं की हे थेट तिकडचं आहे. काडी मोडली की त्यातून पांढरं दूध गळायचं. ते बोटांना लागलं तर कांताला थोडं चुणचुणायचं. पण परदेशी वस्तूचं थोडं चुणचुणणारच, असं धरून ती हात धुऊन टाकायची.

मग सासूबाईंचं पत्र आलं. शेवंताबाई पुलगावहून रविवारी येणार होत्या, नात पाहायला. मायला कुंपण कसं सरळसोट दिसलं पाहिजे म्हणून देवीदास आदल्या दिवशी लोखंड कापायची हॅक्सॉ करवत घेऊन बसला. फिटर माणूस, त्याने आधी सुतळी ताणली, लेव्हल लावली, आणि वरचे शेंडे पाइप कापावेत तसे कापत निघाला. दूध धारेने गळत होतं. ऊन होतं. कपाळावरून घाम आला. त्याने तो मनगटाने पुसला.

पुढची दोन मिनिटं देवीदास जे बोलला ते त्याच्या बढतीला शोभणारं नव्हतं.

कांताने सुजाताला खाटेवर ठेवलं आणि धावली. तो डोळा चोळत होता. तिने त्याचे दोन्ही हात धरून मागे ओढले, माठाखाली मान वाकवली आणि डोळ्यावर पाण्याची धार सोडली. तोवर ओळ जमलीच.

"गुलाबजल टाक," गिरजाबाई म्हणाल्या.

"शहद. असली शहद," बाबुलाल म्हणाले.

मागून कोणी तरी म्हणालं की बाळंतिणीच्या दुधासारखं डोळ्याला औषध नाही. आणि मग सगळे कांताकडे पाहायला लागले. कांताने पदर घट्ट खोचला. "एका दुधानं हे केलं, आता दुसरं नको," ती म्हणाली आणि दुसरा माठ ओतला. देवीदास भिजलेल्या कोंबड्यासारखा बसून होता. "मले काही झालं नाही," असं तो भिंतीला सांगत होता. कांता त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणखी अर्धा तास पाणीच सोडलं. म्हणाले, "पानी से धोया, यही ठीक किया. और कुछ डाला तो नहीं?"

"डालनेवाले बहुत थे," कांता म्हणाली. "मैंने डालने नहीं दिया."

डॉक्टर प्रथमच हसले. डोळा वाचला होता, चार दिवस पट्टी राहील. मग त्यांनी कागद ओढला. "पौधे का नाम?"

"रशियन," देवीदास पट्टीखालून म्हणाला.

"रूस में बहुत कुछ उगता है, भाई. नाम पता करके आइए. और घर में बच्चा है तो हाथ मत लगने दीजिए. बच्चे की आँख में गया तो बात दूसरी होगी."

रोज सकाळी सुजाता ज्या कुंपणाशी उभी राहून हात करायची ते परतताना कांताच्या डोळ्यांपुढून हलेना. कुंपण काढावं तर पलीकडे ट्रक. ठेवावं तर अलीकडे हे दूध. घरी आल्यावर तिने कोपरापर्यंत हात तीनदा साबणाने धुतले आणि मगच लेकीला उचललं. आणि तिने ठरवलं की आधी या झाडाचं नाव हुडकायचं. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्याशी भांडावं तरी कसं.

हाताला फडकं गुंडाळून एक काडी तिने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली, झाकण लावलं, आणि दुपारीच टाउन ऑफिस गाठलं. केवलरामजींनी बरणीला नमस्कार केला, कारण आधी त्यांना ते लोणचंच वाटलं. मग त्यांनी बागकाम विभागाचा फॉर्म काढला. अनोळखी रोपाची ओळख पटवण्यासाठी वेगळा फॉर्म होता. कांताला हायसं वाटलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: पौधे का नाम.

"तेच तर माहीत नाही," कांता म्हणाली.

"तो फॉर्म अधूरा रहेगा," केवलरामजी खरोखर दुःखाने म्हणाले. "अधूरा फॉर्म मैं ले नहीं सकता, बहनजी. नाम पता करके आइए, हम तुरंत पहचान करा देंगे."

तिथून ती पावर हाउस भागातल्या बाजारात गेली. जडीबुटीवाल्याने बरणी उन्हात धरली, डोळे मिटले, आणि ही संजीवनी असल्याचं सांगितलं. तसलीच एक वाळलेली काडी त्याच्याकडे विकायला होती. ती तुरीची होती. तूर कांता ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शेवंताबाई आल्या. त्यांचा जन्म शेतात गेलेला. एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाशी बोलायची सवय, त्यामुळे घरातही त्या तीन एकरांच्या हिशेबाने बोलत. रिक्षा थांबली. देवीदास डोळ्याला पट्टी बांधून फाटकात उभा.

"जय भीम, माय."

शेवंताबाईंनी पोराकडे पाहिलं, मग कुंपणाकडे पाहिलं, आणि जय भीम घशातच राहिला.

"देवीदास," त्या म्हणाल्या, आणि अख्ख्या ओळीने ते ऐकलं, "दारात शेर कावून लावला रे?"

"शेर?"

"शेर नाही तं काय! लहान लेकराच्या घरात कोणी शेर ठेवते काय? तुह्या डोळ्याले त्यानंच केलं न हे?"

"हाव," देवीदास म्हणाला.

असं ते नाव आलं, रिक्षातून उतरता उतरता. तिकडे विदर्भात हे झाड कुंपण म्हणून धुऱ्याधुऱ्यावर असतं. शेराची कुपाटी, शेराचा चीक. पुलगावच्या बकऱ्यांनाही ते ठाऊक आहे. देवीदास त्याच कुपाटीच्या कडेने शाळेत गेलेला. पण गावचा माणूस परदेशी कोट घालून आला की ओळखू येत नाही, तसं त्याचं झालं. कांता अजनीच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, तिला सिग्नल ओळखता येत होते.

बाबुलाल ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांना मराठी शब्द दहाबारा यायचे. त्यांतले तीन ऐकू आले: घरात, लेकराच्या, शेर. मग त्यांनी देवीदासच्या पट्टीकडे पाहिलं. त्यांनी पेपरची घडी घातली, आपली पोरं आत घेतली, दाराला कडी लावली आणि मागच्या दाराने निघाले. घाबरलेला माणूस धावतो; बाबुलाल धावले नाहीत, हे त्यांनी पुढे पुष्कळ वर्षं सांगितलं. ते सायकलवर होते.

इकडे शेवंताबाई पाणीही न पिता कामाला लागल्या होत्या. "आधी लेकरू घरात. चीक लागला हात डोळ्याले, तोंडाले लावाचा नाही. हाताले कापड बांधाचं. वारा पाठीवर घेऊन उभं राहाचं. काम झालं का साबण, अन् भरपूर पाणी. अन् जाळाचं नाही बरं, धूर बी झोंबते. खड्डा करून पुराचं." कांता ऐकत होती आणि तिच्या जिवात जीव येत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणी तरी या झाडाबद्दल खरं बोलत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. चार पहारेकरी काठ्या घेऊन, एकाच्या हातात पत्र्याचा डबा आणि डब्यावर काठी. त्यांच्या मागे, रविवार असूनही बंद गळ्याचा कोट घालून, काखेत रजिस्टर घेतलेले केवलरामजी. त्यांच्या मागे बाबुलाल, योग्य अंतरावर.

पुढचा पहारेकरी जवळच्या उतई गावचा होता, नत्थू नावाचा. अंगाने भक्कम. त्याने फाटकाबाहेरूनच विचारलं, "बाई, शेर कहाँ हे?"

कांताला वाटलं, टाउन ऑफिस शेवटी जागं झालं. रविवारी माणसं पाठवली, तेही झाड काढायला. तिला भरून आलं. "ये क्या," ती म्हणाली, "तुम्हारे बाजू में."

नत्थू जागच्या जागी थिजला.

"हात नको लावू," शेवंताबाई ओरडल्या. तो लावणारही नव्हता. तो श्वाससुद्धा घेत नव्हता.

"कितना बड़ा है?" केवलरामजींनी लांबून विचारलं. त्यांचं रजिस्टर उघडलेलं होतं.

"कमर तक," कांता म्हणाली.

"कब से है?"

"पाच-सहा महिने झाले. इन्होंने ही अहिवारा से लाया, सायकल पे."

केवलरामजींनी देवीदासकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. "सायकल पे," ते पुटपुटले आणि तेही लिहिलं.

"पहले तो कुछ नहीं किया," कांता म्हणाली. "कल काटा, तब दूध निकला."

मग नत्थू, मान न हलवता, आपल्या गावबोलीत हळूच म्हणाला, "साहब, दूध हे कथे. त शेरनी होही."

गिरजाबाई खिडकीतून हे सगळं पाहत होत्या. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. आता आधी हसावं की आधी सांगावं, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी आधी हसून घेतलं. "अहो केवलरामजी," त्या शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "मराठी में शेर मतलब ये झाड़. पौधा. बाघ-वाघ कुछ नहीं."

नत्थूने श्वास सोडला. तो पुष्कळ वेळ सुटत राहिला. डबेवाल्याने उगाच एकदा डबा वाजवला आणि थांबला. आणि शेवंताबाईंना कोणी तरी हिंदीतला शेर समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "वाघाले शेर म्हणतात? मंग शेराले काय म्हणतात?"

मग गिरजाबाईंचं हसू एकदम थांबलं. त्यांना बैठकीतला तांब्या आठवला.

प्रश्न उरला रजिस्टरचा. बाबुलालनी चौकीवर सांगितलं तसं शाईने लिहून झालं होतं: अमुक क्वार्टरात शेर, एक इसम जखमी, डोळा. खाली आत्ताची भर. कांता म्हणाली, "खोडून टाका."

केवलरामजी दुखावले. "बहनजी, सरकारी रजिस्टर में काट-पीट नहीं होती. लिखा है तो कार्रवाई होगी. तभी फाइल बंद होगी."

"पर शेर है ही नहीं."

"है तो सही," केवलरामजी कुंपणाकडे बोट करून म्हणाले. "आप ही ने नाम बताया. लिखा हुआ गलत कहाँ है?"

सोमवारी सकाळी शेर काढला. सुजाता गिरजाबाईंकडे आत, दार लावून. देवीदासने प्लांटातले काचेचे चष्मे दोन आणले होते. एक स्वतःच्या पट्टीवर चढवला, दुसरा मायला दिला. शेवंताबाईंनी "हे कायले?" म्हणून घातला आणि दुपारी जेवतानाही काढला नाही. हाताला पोत्याचे तुकडे बांधून मायलेकांनी झाड मुळासकट उपटलं, खोल खड्डा खणून पुरलं. ओळीतली सहाही घरं आपापलं रशियन परत घेऊन आली, चिमट्यात धरून. "थँक यू" कोणी म्हणालं नाही. गिरजाबाईंनी तांब्यासकट दिलं. डॉक्टरांच्या कागदावर नाव चढलं. सगळ्यांनी साबण लावून हात धुतले, आणि अंगण उघडं पडलं.

इतकं उघडं की कांताला ते पाहवेना. चार पावलं, आणि रस्ता. संध्याकाळी देवीदासने दाराला पुन्हा सुतळी बांधली, एका डोळ्याने, म्हणून गाठ थोडी वाकडी आली. कांता सुजाताला मांडीवर घेऊन उंबरठ्यावर बसली. बाहेर ट्रक गेला. पेले बोलले. सुजाताने हात पुढे केले, आणि कांताने तिला जरा जास्तच घट्ट धरलं. उद्या सकाळी चूल, पोळ्या, आणि छातीतलं ते धस्स. झाडाचं नाव कळलं होतं, पण त्या नावाचा उपयोग काय, असं तिला वाटून गेलं.

गुरुवारी कार्रवाई आली. गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोन माणसं खांब रोवून गेली. खांबावर पांढऱ्या पाट्या, लाल अक्षरं. कांता सुजाताला कडेवर घेऊन वाचायला गेली. लिहिलं होतं:

सावधान. आगे शेर है. भारी वाहन इस मार्ग से न जाएँ.

ती वाचत असतानाच एक ट्रक वळला. ड्रायव्हरने पाटी पाहिली. क्लीनरकडे पाहिलं. मग त्याने जो गिअर टाकला तो मागे जाण्याचा होता. दुसरा ट्रक लांबूनच मोठ्या रस्त्याने गेला. पुढच्या सोमवारपर्यंत साऱ्या ट्रकवाल्यांत बातमी फिरली होती की त्या गल्लीतल्या शेराने एका फिटरचा डोळा फोडला. देवीदास पट्टी काढून दोन्ही डोळ्यांनी पाळीला जात होता, पण त्याचं कोण ऐकतो. केवलरामजींनी फाइल बंद केली.

गल्ली पुन्हा नकाशातल्यासारखी झाली. शेवंताबाई गावी परतायच्या आधी एका दुपारी सुजाता सुतळीखालून निघाली, चार पावलं चालली, रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली आणि मुरूम चाखून पाहू लागली. कांता चुलीपाशी होती. तिने पाहिलं, मुरूम थुंकायला सांगितलं, आणि हातातली पोळी पुरती गोल करूनच उठली. त्या संध्याकाळी सुतळी सुटली. ती वाया गेली नाही; पाटीच्या खांबाला बांधून तिच्यावर वालाचा वेल चढवला. तो काय आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं.

वर्षभराने एक रंगारी डबा-ब्रश घेऊन आला. उन्हाने अक्षरं उडाली होती, नवी काढायची होती. कांताने त्याला बसायला चटई दिली, चहा दिला, वेलाची पाटीवर आलेली पानं बाजूला केली.

"भैया," ती म्हणाली, "वो जो शेर लिखा है न, वो जरा मोटा लिखना."